आधी वजन, मग चूक

पोरी, तपास पथकात तुझी निवड झाल्याचं कळलं तेव्हापासून हे लिहायचं मनात होतं. हेलिकॉप्टरच्या देखभालीत माझी हयात गेली आणि अधूनमधून तपासात इंजिनिअर म्हणून बसायचे प्रसंगही आले. पुस्तकातलं तू शिकलीच आहेस. आयकाओ या आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेचं परिशिष्ट तेरा माझ्यापेक्षा तुला जास्त पाठ असेल. त्यातलं एकच कलम पुन्हा सांगतो, कारण कामाच्या रगाड्यात ते सगळ्यात आधी विसरलं जातं. तपास करायचा तो पुढचा अपघात टाळण्यासाठी. कुणाच्या माथी दोष मारणं हे आपलं काम नव्हे.

तू अपघाताच्या जागी पोहोचशील तेव्हा तिथलं कुणीतरी तुला कारण सांगायला तयारच असेल. मालक कंपनीचा माणूस असेल, जिल्ह्याचा अधिकारी असेल, नाहीतर चहाच्या टपरीवरचा जाणकार असेल. सगळे म्हणतील, वैमानिकाचं चुकलं. शंभरातल्या बऱ्याच वेळा त्यात तथ्यही निघतं, आणि म्हणूनच ते वाक्य धोक्याचं आहे. एकदा ते कानात बसलं की पुढचा प्रत्येक पुरावा त्याच्याच रांगेत जाऊन उभा राहतो. ते वाक्य वहीत लिही, पुढे प्रश्नचिन्ह काढ आणि वही मीट.

तुझ्या मनात वणवा विझवणाऱ्या हेलिकॉप्टरांचा विषय आहे, म्हणून त्यातलाच एक अपघात उलगडून सांगतो. तो कॅलिफोर्नियातला आहे, पण आपल्याकडेही आता हे काम वाढतंय. हवाई दलाच्या एमआय-१७ हेलिकॉप्टरांनी २०२१ मध्ये झुको खोऱ्यात आणि २०२४ मध्ये नैनितालच्या जंगलात बांबी बकेटने, म्हणजे खाली टांगलेल्या बादलीने, पाणी टाकलं. नैनितालच्या वेळी पाणी भीमतालमधून उचललं होतं. डोंगर, धूर, उन्हाळ्याची विरळ हवा आणि खाली लोंबणारं पाण्याचं ओझं, हे सगळं एकत्र आलं की हेलिकॉप्टरच्या ताकदीतली शिल्लक फार थोडी उरते.

५ ऑगस्ट २००८. उत्तर कॅलिफोर्नियात वीव्हरव्हिल गावाजवळ शास्ता-ट्रिनिटीचं राष्ट्रीय वन आहे. जूनमध्ये पडलेल्या विजांनी तिथे वणवे लागले होते आणि ते धुमसतच होते. डोंगरावरच्या एका मोकळ्या जागेतून, तिला हेलिस्पॉट ४४ म्हणत, आग विझवणाऱ्या तुकड्यांना खाली आणायचं चाललं होतं, कारण विजांच्या वादळाचा अंदाज होता. जागा समुद्रसपाटीपासून सुमारे सहा हजार फूट उंच, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या शिखराच्याही वर. हेलिकॉप्टर होतं सिकॉर्स्की एस-६१एन. कुलाब्याच्या आकाशात नौदलाची सी किंग ज्यांनी पाहिली आहेत त्यांना तो आकार लगेच ओळखीचा वाटेल, कारण एस-६१एन हे त्याच घराण्यातलं नागरी वापरासाठी लांब केलेलं यंत्र. दोन फेऱ्या नीट झाल्या. मग इंधन भरून ते तिसऱ्यांदा त्याच जागी आलं. आत दोन वैमानिक, वन खात्याचा एक तपासणी वैमानिक आणि दहा अग्निशामक असे तेराजण. संध्याकाळी ७ वाजून ४१ मिनिटांच्या सुमारास ते उठलं, हळूहळू पुढे सरकलं, झाडांना भिडलं, उतारावर कोसळलं आणि पेटलं. नऊजण गेले. सहवैमानिक आणि तीन अग्निशामक गंभीर जखमी होऊन वाचले. गेलेल्या अग्निशामकांपैकी बहुतेक पोरं विशीतली होती. शेजारच्या ओरेगॉन राज्यातून वणव्याच्या हंगामापुरतं हे काम करायला आलेली.

आता तू तिथे आहेस असं समज. दोन इंजिनं, अनुभवी वैमानिक, हवा शांत, आणि यंत्र उठता उठता पडलं. मुख्य वैमानिक हयात नाही, त्याला बाजू मांडता येत नाही. "त्याने जास्त वजन घेतलं" हे वाक्य आपोआप तयार होतं. ते खोटंही नाही. वजन खरंच जास्त होतं. पण ते कुणाच्या हिशेबाने जास्त होतं, हा खरा तपास.

म्हणून पहिली गोष्ट: स्वतः वजन कर. कागदावरचं रिकामं वजन कधीच गृहीत धरू नकोस. हेलिकॉप्टर शेवटचं काट्यावर कधी चढलं, काटा कुणाचा होता, त्याचं प्रमाणीकरण कधी झालं, त्या वेळी आत कोणतं सामान बसवलेलं होतं, सही करणारा माणूस तिथे प्रत्यक्ष उभा होता का, हे सगळं विचार. वणव्याच्या कामाला येणाऱ्या यंत्रांत टाक्या, हुक, सीटा, पंप सतत काढले-घातले जातात आणि प्रत्येक बदलाची नोंद वजनाच्या कागदावर उतरतेच असं नाही. जळून गेलेलं यंत्र पुन्हा तोलता येत नाही हे खरं, पण त्याची भावंडं तोलता येतात. त्या अपघातानंतर अमेरिकी वन खात्याने मालक कंपनीची कराराखालची इतर हेलिकॉप्टरं काट्यावर घेतली, तेव्हा तीही कागदापेक्षा जड निघाली. मग प्रश्न एका संध्याकाळचा राहिला नाही, सगळ्या कंपनीचा झाला.

अमेरिकेच्या राष्ट्रीय परिवहन सुरक्षा मंडळाने, म्हणजे एनटीएसबीने, शेवटी जो हिशेब मांडला तो तोंडपाठ ठेव. उड्डाणाच्या क्षणी हेलिकॉप्टरचं वजन १९,००८ पौंड होतं. त्या उंचीला, त्या हवेत, खरे तक्ते वापरून आणि वन खात्याचे नियम पाळून ते १५,८४० पौंडांवर जायला नको होतं. तीन हजार पौंडांहून जास्त फरक, सुमारे चौदाशे किलो. वैमानिकांच्या हातात जो हिशेब होता त्यात मात्र हे ओझं बसत होतं. चालकदलाने बेरीज-वजाबाकी चुकवलेली नव्हती. ज्या आकड्यांवर बेरीज केली ते आकडेच खोटे होते.

दुसरी गोष्ट तक्त्यांची, आणि इथे मी जरा थांबणार आहे, कारण या अपघाताचं मर्म तिथे आहे. हेलिकॉप्टर किती ओझं उचलेल हे इंजिन त्या उंचीला आणि तापमानाला किती ताकद देतं यावर ठरतं. ती ताकद सांगणारे आलेख पुस्तिकेत असतात. एक आलेख साध्या उड्डाणासाठीचा, पाच मिनिटं वापरता येणाऱ्या ताकदीचा. दुसरा अडीच मिनिटांचा, एक इंजिन बंद पडलं तर उरलेल्या एकाकडून निकराने काढून घ्यायच्या ताकदीचा. या कंपनीने वैमानिकांना दिलेल्या पुस्तिकेत उड्डाणाच्या आलेखाचं शीर्षक होतं, पण खालच्या रेषा अडीच मिनिटांच्या आलेखातल्या होत्या. पान बघून संशय यावा असं त्यात काहीच नाही. कागद तसाच, अक्षरं तशीच, रेषा तशाच सरळ. ज्या वैमानिकाने तो आलेख वाचला त्याने नीटच वाचला.

याच्यावर आणखी एक थर होता. ठरावीक काळाने इंजिनाची ताकद तपासतात. चांगलं इंजिन ठरलेल्या किमान ताकदीपेक्षा थोडं जास्त देतं, ही वरकड देखभालीच्या कामाची. ती धरून जास्त ओझं उचलायची परवानगी नाही. तिथे ती हिशेबात धरायची पद्धत पडली होती. म्हणजे रिकामं वजन कमी दाखवलेलं, ताकद जास्त दाखवलेली, आणि वरून कुणी मंजूर न केलेली वरकड मिळवलेली. तिन्ही चुका एकाच दिशेला झुकलेल्या. चुका चुकून होतात तेव्हा त्या कधी इकडे कधी तिकडे पडतात. सगळ्या चुका एकाच बाजूला आणि एकाच्याच फायद्याला पडल्या की हात थांबव आणि नीट बघ.

म्हणून सांगतो, चालकदलाने भरलेला लोडचा तक्ता वाचायच्या आधी आपला हिशेब आपण करायचा. यंत्र बनवणाऱ्याकडून मूळ पुस्तिका मागव. मालकाच्या कपाटातली प्रत घेऊ नकोस. दोन्ही पानं शेजारी ठेवून एक-एक रेषा मोजपट्टीने ताडून बघ. झेरॉक्सवर कधीच काम करू नकोस, मूळ कागद ताब्यात घे, तेही पहिल्याच दिवशी, कारण दुसऱ्या आठवड्यात मिळणारी फाइल फार नीटनेटकी असते. पेन्सिलने काढलेला तुझा आकडा तारखेनिशी वहीत टाक. मगच दिवंगत वैमानिकाचा तक्ता उघड. आधी त्याचा आकडा पाहिलास तर नकळत तुझं गणित त्याच्या जवळ जाऊन पोहोचेल.

जागेवरच्या कामाचं थोडक्यात सांगतो, ते तुला वरिष्ठ शिकवतीलच. जळलेल्या कॉम्पोझिट पंख्यांची धूळ फुफ्फुसात जाते, मास्क आणि हातमोज्यांशिवाय एक पाऊल पुढे टाकू नकोस. वस्तू हलवायच्या आधी फोटो, आणि फोटोच्या आधी स्वस्थ उभं राहून दहा मिनिटं नुसतं बघणं. झाडांवरचे रोटरचे घाव खालून वर क्रमाने मोज. पंखा जोरात फिरत होता की मरगळला होता ते खोडावर लिहिलेलं असतं. इंधन ज्या टँकरमधून भरलं तो टँकर अडवून नमुना सीलबंद कर. जुन्या यंत्रांतले इशाऱ्याचे बल्ब जपून काढ. आदळताना दिवा पेटलेला असेल तर आतली तार ताणलेली सापडते, विझलेला असेल तर तशीच राहते किंवा तुटते. आता पडदे आले, पण डोंगरातल्या कामाला येणारी यंत्रं बहुधा जुनीच असतात.

आवाजाबद्दल मात्र सविस्तर लिहितो, कारण तरुण तपासनीस कॉकपिट व्हॉइस रेकॉर्डरकडून फक्त शब्द मागतात. शब्द तर ऐकायचेच. ते ऐकताना त्या प्रकारचं यंत्र उडवलेला वैमानिक शेजारी हवा, आणि त्या खोलीत जे ऐकलंस ते घरी आईलासुद्धा सांगायचं नाही. पण शब्दांच्या मागे यंत्राचा आवाज असतो, आणि हेलिकॉप्टर आवाजातच आपली सगळी अवस्था सांगतं. या तपासात एनटीएसबीच्या तज्ज्ञांनी ध्वनिमुद्रणाचं वर्णपट विश्लेषण करून इंजिनांचा आणि मुख्य रोटरचा वेग क्षणाक्षणाला काढला. त्यातून कळलं की दोन्ही इंजिनं चालू होती आणि आपल्या कमाल मर्यादेला जाऊन टेकली होती. देण्यासारखं होतं तेवढं सगळं त्यांनी दिलं, तरी ओझं पेलेना, म्हणून रोटरचा वेग घसरत गेला. इंजिन बिघडल्याचा संशय त्यांनी असाच वाऱ्यावर सोडला नाही. इंधन नियंत्रकात सापडलेले बारीक कण, गाळण्या, सगळं उघडून तपासलं.

हाच आवाज त्यांनी आधीच्या दोन फेऱ्यांचाही ऐकला. इथे चालकदल पुन्हा आपल्यासमोर येऊन उभं राहतं. आधीच्या दोन्ही उड्डाणांत यंत्र त्याच जागेवरून आपल्या ताकदीच्या टोकाला जाऊन पोहोचलं होतं. हिशेब ३२ अंश सेल्सियस धरून केलेला, प्रत्यक्षात हवा त्याहून कितीतरी गार. गार हवेत यंत्राला जास्त ताकद हाताशी हवी होती. कागद म्हणतो भरपूर शिल्लक आहे, आणि यंत्र सांगतंय की शिल्लक संपली. या दोन्हींतली विसंगती तिथेच, त्याच संध्याकाळी, पुढ्यात होती. चालकदलाने तिथे थांबून विचारलं नाही. अहवालात ते स्पष्ट लिहिलं आहे आणि कारणही दिलं आहे: मर्यादेच्या टोकाला काम करायची त्यांना सवय झाली होती. गच्च भरलेल्या एसटीने दोनदा घाट चढला म्हणून तिसऱ्यांदा ड्रायव्हर इंजिनाच्या आवाजाकडे कान देत नाही, तसं हे झालं.

माझं याबद्दल ठाम मत आहे. या वैमानिकांना निर्दोष म्हणणं जितकं खोटं, तितकंच त्यांना कारण म्हणणं खोटं. फसवले गेलेले लोक होते ते, पण फसवणूक पकडायची एक शेवटची संधी त्यांच्याकडे होती. एनटीएसबीने मुख्य कारण म्हणून कंपनीची तीन कृत्यं आणि दोन सरकारी खात्यांची ढिली देखरेख लिहिली, आणि चालकदलाचं दुर्लक्ष त्यात भर घालणारी गोष्ट म्हणून ठेवलं. हा क्रम मला योग्य वाटतो. तू अहवाल लिहिशील तेव्हा कोणती गोष्ट मुख्य आणि कोणती भर घालणारी, यावर एक अख्खा आठवडा घालवलास तरी चालेल.

सवयीचा शोध कसा घ्यायचा ते सांगतो, कारण सवय ढिगाऱ्यात सापडत नाही. डायन वॉन या समाजशास्त्रज्ञ बाईंनी चॅलेंजर अंतराळयानाच्या दुर्घटनेवर १९९६ मध्ये मोठा ग्रंथ लिहिला. शक्य झालं तर वाच. नासात एकामागून एक उड्डाणं सुखरूप झाली तशी सीलांची झीजही नेहमीची वाटू लागली, हे त्यांनी पानापानांवर दाखवलंय. तू शेवटच्या उड्डाणाचा तपास करशील तेव्हा आधीची तीस उड्डाणं काढ. त्याच कंपनीच्या दुसऱ्या वैमानिकांना विचार: टॉर्क, म्हणजे इंजिनाकडून घेतला जाणारा जोर, टोकाला गेला की तुम्ही काय करता? कधी ओझं उतरवलंय का? उतरवलं तेव्हा वरचे काय म्हणाले? शेवटच्या प्रश्नाला जो थांबतो, त्याच्याकडे दुसऱ्या दिवशी पुन्हा जा.

बोलायला जाताना दोन-तीन गोष्टी सांभाळ. वाचलेला माणूस इस्पितळात असतो, त्याच्याकडे एकटीने जा, फौज घेऊन जाऊ नकोस. "असं का केलंत?" हा प्रश्न पहिल्या भेटीत तोंडातून काढू नकोस. तो ऐकला की माणूस उत्तर शोधायला लागतो आणि आठवण मागे पडते. "मग काय दिसलं?", "मग काय ऐकू आलं?" एवढंच विचारत राहा. त्याचे शब्द त्याच्याच भाषेत उतरव, आपल्या तांत्रिक भाषेत बदलू नकोस. हेलिस्पॉटवर आपल्या पाळीची वाट बघत थांबलेल्या अग्निशामकांनी हे उड्डाण डोळ्यांनी पाहिलं होतं. त्यांना टॉर्क कळत नाही, पण आधीच्या फेऱ्यांपेक्षा हे हळू उठलं की नाही हे त्यांना नेमकं कळतं. बिगरवैमानिकाची साक्ष वेगाच्या आकड्यात कच्ची असते, तुलनेत मात्र फार पक्की.

आता वर चढायचं. हेलिकॉप्टरच्या मागे कंपनी, कंपनीच्या मागे करार, कराराच्या मागे खातं. वणव्याच्या कंत्राटात जे यंत्र ठरलेल्या उंचीला ठरलेलं ओझं उचलेल असं कागदावर दिसतं, त्यालाच काम मिळतं. रिकामं वजन कमी दाखवलं की ओझं आपोआप वाढतं. म्हणून करारपत्र, निविदा आणि वजनाचे कागद एकाच टेबलावर, तारखांच्या क्रमाने लाव. वजन कमी झाल्याची नोंद निविदा भरायच्या आसपास झाली असेल तर त्या तारखा तुझ्याशी बोलतील.

आणि देखरेख कुणाची? अमेरिकेत वन खात्यासाठी उडणारी यंत्रं बऱ्याच कामांत सरकारी विमान म्हणून गणली जातात. नागरी उड्डाण प्रशासनाने म्हणायचं, हे वन खात्याचं उड्डाण, त्यांनी बघावं. वन खात्याने म्हणायचं, कंपनीला परवाना प्रशासनाने दिलाय, त्यांनी तपासलं असेलच. दोन घरचा पाहुणा उपाशी राहतो तो असा. आपल्याकडेही बघ, नागरी हेलिकॉप्टर पडलं तर २०१२ पासून असलेला आपला विमान अपघात तपास ब्युरो येतो, हवाई दलाचं पडलं तर त्यांची स्वतःची चौकशी. उद्या एखाद्या राज्याने वणव्यासाठी खासगी हेलिकॉप्टर भाड्याने घेतलं, तर त्याचे लोडचे तक्ते कुणी ताडले हे शोधताना तुला दोन-तीन दारं ठोठावावी लागतील. प्रत्येक दारावर "हे तुम्ही तपासता का?" असं विचारू नकोस, सगळे हो म्हणतात. "शेवटचं कधी तपासलंत, ती नोंद दाखवा" असं म्हण.

एक मुद्दा जाणूनबुजून वेगळा ठेवलाय. हेलिकॉप्टर का पडलं हा एक तपास, माणसं का गेली हा दुसरा. हे दोन कधी एकत्र करू नकोस. त्या संध्याकाळी आदळल्याबरोबर इंधन सांडलं आणि आगीचा डोंब उसळला, कारण टाक्या आघात सोसणाऱ्या नव्हत्या. यंत्राचा आराखडाच त्या काळातला, जेव्हा तसा नियम नव्हता. सीटा जमिनीपासून सुटून निघाल्या. आणि पट्ट्याचं बकल फिरवून उघडायच्या प्रकारचं, ज्या पोरांच्या हाताला वर उचलून उघडायच्या बकलची सवय होती त्यांच्या कमरेला. धुरात, अंधारात, उलटंपालटं पडलेलं असताना हाताला सवयीची हालचाल सापडते, दुसरी सुचत नाही. वैमानिकाने काही केलं असतं किंवा नसतं, या गोष्टी त्याच्या हातातच नव्हत्या. "चालकदलाची चूक" असं लिहून फाइल मिटवली असती तर हे बकल दुसऱ्या कुठल्यातरी हेलिकॉप्टरमध्ये तसंच राहिलं असतं. म्हणून प्रत्येक अपघातात वाचलेल्याला विचार: पट्टा कसा सुटला? आणि पट्टा हातात घेऊन, डोळे मिटून, हातमोजे घालून तो स्वतः उघडून बघ.

अपघात ऑगस्ट २००८ चा, मंडळाने अहवाल मंजूर केला डिसेंबर २०१० मध्ये. दोन वर्षांहून जास्त. या काळात तुझ्यावर सगळीकडून दबाव येईल. पहिल्या आठवड्यात पत्रकारांना, नातेवाइकांना, जेवणाच्या पंगतीत कुणालाही कारण सांगू नकोस, अंदाजसुद्धा नको. तोंडातून गेलेला अंदाज पुढे तुलाच सिद्ध करावासा वाटतो, हा माणसाचा स्वभाव आहे.

न्यायालयाचं काम वेगळं, हेही मनात पक्कं असू दे. या अपघातावर पुढे फौजदारी खटला झाला. कंपनीच्या एका माजी उपाध्यक्षाला २०१५ मध्ये बारा वर्षं सात महिन्यांची शिक्षा झाली आणि देखभालीच्या प्रमुखाला पंचवीस महिन्यांची. त्याआधी, २०१२ मध्ये, पोर्टलंडच्या एका दिवाणी खटल्यात ज्यूरीने इंजिन बनवणाऱ्या जनरल इलेक्ट्रिकवर जबाबदारीचा मोठा वाटा टाकला, म्हणजे मंडळाच्या निष्कर्षापेक्षा वेगळी वाट धरली. अमेरिकी कायद्यानुसार एनटीएसबीचा निष्कर्ष नुकसानभरपाईच्या दाव्यात पुरावा म्हणून चालतच नाही, आणि तो नियम शहाणपणाचा आहे. वकील तुझ्या वाक्यात शस्त्र शोधतील. तू वाक्य लिहिताना त्यांचा विचार करू नकोस, पण प्रत्येक वाक्याखाली पुरावा आहे ना एवढं बघ.

वाक्यांबद्दल शेवटचं सांगतो. "वैमानिकाने दुर्लक्ष केलं" असं लिहायची वेळ आली तर त्याच वाक्यात किंवा लगेच पुढच्या वाक्यात त्याला त्या क्षणी काय दिसत होतं, हातात कोणता कागद होता, आधीच्या फेरीत काय झालं होतं, हे लिही. ते लिहिता येत नसेल तर तुझा तपास अजून पूर्ण झालेला नाही, परत जा. मसुदा झाला की त्यात "करायला हवं होतं" किती वेळा आलंय ते मोज आणि प्रत्येक ठिकाणी "कुणाला ते कळायची सोय होती?" असं समासात लिही. मसुदा देखभालीच्या एका माणसाला, एका वैमानिकाला आणि विमानाशी काही संबंध नसलेल्या एका शहाण्या माणसाला वाचायला दे. तिसरा जिथे अडेल तिथे तू काहीतरी गृहीत धरलेलं असतं.

अहवाल जाहीर व्हायच्या आधी गेलेल्या माणसांच्या घरच्यांना तो समजावून सांगायची पाळी तुझ्यावर आली तर ती दुसऱ्यावर टाकू नकोस. वैमानिकाच्या घरच्यांना वेगळं बसव आणि अग्निशामकांच्या घरच्यांना वेगळं, त्यांचे प्रश्न एक नसतात. आलेख घेऊन जा, खरा आणि बदललेला दोन्ही, मोठ्या कागदावर छापून. बोटाने रेषा दाखव, पौंड आणि किलो दोन्हीत आकडे सांग, आणि वेळेची घाई नसेल असा दिवस निवड. वैमानिकाच्या बायकोने विचारलं की त्याची चूक होती का, तर हो किंवा नाही यातलं काहीच म्हणू नकोस. तिसऱ्या उड्डाणाच्या आधी त्याच्या समोर काय होतं ते पहिल्यापासून, क्रमाने, तिला सांग.